डोंगळे, दोन पेट्या आणि शेवटची वीतभर जागा

९ जानेवारी २०२५

चला, वही सुरू. गेल्या वर्षी पण ठरवलं होतं पण चार दिवसांत बंद पडली, यावेळी चिऊला (पुतणी, आठवीत आहे) पार्टनर घेतलंय त्यामुळे दर सुट्टीला ती विचारणारच, काका आज काय करायचं.

विषय असा. जुन्नर तालुक्यात आमचं रान आहे, मी चाकणला नोकरीला, गुरुवारी सुट्टी. घरचं कांद्याचं बी तयार करायला दरवर्षी दहा-बारा गुंठ्यात डोंगळे (बी धरायचे कांदे) लावतो. गेल्या वर्षी गोंडे मस्त मोठे आले, पांढरेशुभ्र, फोटो काढण्यासारखे, आणि काढणीला चोळून बघतो तर निम्मे फुसके, नुसता भुसा. कांद्याचं एका फुलातलं काम असं की पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणजे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला बहुतेक वेळा उपयोगाचा नाही, कुणीतरी दुसरीकडून आणून द्यावा लागतो, आणि ते कुणीतरी म्हणजे माशी. आबांचं म्हणणं, माश्यांना आपलं रान सापडतच नाही. तात्या (शेजारचे, बांधाला बांध) म्हणतात गुळाचं पाणी मार, वास आला की येतात. दुकानदार म्हणाला माश्या बोलवायचं एक औषध आलंय, बाटली साडेआठशेला.

मला एवढंच शोधायचंय की माशीला फूल नेमकं सापडतं कसं, आणि आमच्या प्लॉटचं घोडं अडतंय कुठे, सापडण्यात का पुढे. सातेरीच्या (आपल्याकडची पाळायची मधमाशी) दोन पेट्या आहेत, अ आणि ब, पुण्यात केंद्रीय मधमाशी संस्थेत ट्रेनिंग केलं होतं तेव्हापासून पाळतोय, चावून घ्यायची सवय आहे. डोंगळे फुलायला अजून महिना आहे, तोपर्यंत ताटल्यांवरचे प्रयोग उरकून घेऊ.

१६ जानेवारी

आज रंग. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९१४ च्या सुमारास हेच केलं होतं, तेव्हा मोठे मोठे लोक म्हणत होते की माशीला रंग दिसतच नाहीत, सगळं काळंपांढरं. त्याची युक्ती भारी साधी. निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माशीला सवय लावायची, मग तो निळा कागद बऱ्याच वेगवेगळ्या करड्या छटांच्या कागदांत मिसळायचा. रंग दिसत नसेल तर त्यातली एक तरी करडी छटा तिला निळ्यासारखीच दिसली पाहिजे आणि ती तिथे जाऊन फसली पाहिजे. माश्या फसल्या नाहीत.

मी झेरॉक्सवाल्याकडून बारा करडे चौकोन प्रिंट करून आणले, फिक्यापासून काळ्यापर्यंत, वर लॅमिनेशन, कारण कागदाचा आणि शाईचा वास मधे यायला नको. (झेरॉक्सवाला विचारतो दादा हे कसलं डिझाईन, म्हटलं माश्यांचं, पुढे काही बोलला नाही.) साखरपाणी आधी पेटीच्या तोंडाशी ठेवलं, मग पाच पाच पावलांनी लांब नेलं, विहिरीपाशी पोचेपर्यंत पंधरा-वीस माश्या नियमित झाल्या. वहिनींच्या नेलपॉलिशने आठ माश्यांच्या पाठीवर ठिपके दिले, गुलाबी.

पहिल्या फेरीत सगळ्या निळ्यावर! चिऊ नाचायला लागली. मग मला शंका आली, निळा मी दोन तास एकाच कोपऱ्यात ठेवला होता. कोपरा बदलला तर निम्म्या माश्या जुन्याच कोपऱ्यात, करड्यावर घिरट्या. म्हणजे त्या रंग नाही, जागा पाठ करत होत्या. चूक माझी. परत सगळं पहिल्यापासून, दर पाच मिनिटांनी जागा बदलून, तेव्हा कुठे संध्याकाळी चारला खरा निकाल आला: जागा बदलली तरी निळ्यावरच उतरतात, साखर नसली तरी.

लाल झाकण ठेवून पण बघितलं. लालवर सवय लावली की माश्या लाल आणि गडद करडा यात गोंधळतात, कधी इकडे कधी तिकडे. माशीच्या डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी, एक अतिनील, एक निळ्या, एक हिरव्या उजेडासाठी, लालसाठी वेगळी सोय नाही. मग पांगाऱ्यावर माश्या कशा दिसतात असं आबांनी विचारलं, बरोबर प्रश्न आहे. लाल फूल तिला अदृश्य नसतं, गडद दिसतं, आणि शिवाय वास, आकार आहेच.

२३ जानेवारी

वास. चार पुठ्ठ्याचे डबे, समोर बोटाएवढं भोक, बाहेरून सगळे सारखे. एकात साखरपाणी आणि कापसावर खस इसेन्सचा एक थेंब, बाकीच्यांत साधं पाणी. दर काही मिनिटांनी डब्यांची अदलाबदल (शहाणे झालोय आता). दुपारपर्यंत माश्या भोकापाशी येऊन क्षणभर थांबायच्या, मिशा हलवायच्या, खसवाला असेल तर आत, नसेल तर पुढे. लांबून सरळ खसच्या डब्याकडे येत नव्हत्या, जवळ येऊन तपासत होत्या, हे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

तिचं नाक म्हणजे तिच्या मिशा. युरोपियन माशीत वासाच्या रिसेप्टरांची जवळपास १७० जनुकं मोजलीयत. आणि दोन मिशा वेगवेगळ्या दिशेला फिरतात म्हणजे वास डावीकडून जास्त येतोय का उजवीकडून हे पण समजतं. वारा मात्र पाहिजे तसा पाहिजे. आज दुपारनंतर वारं सुटलं आणि सगळा प्रयोग कोलमडला, एक डबा तर विहिरीत.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून चिऊ सरळ इकडे आली. आज माशी नाही, नुसतं गणित. आणि मला वाटतं आत्तापर्यंतची सगळ्यात कामाची नोंद हीच आहे.

माशीचा डोळा म्हणजे एका बाजूला चार-पाच हजार छोटे डोळे, प्रत्येकाला एक ठिपका दिसतो. आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे तो काहीच नाही. बर्लिनच्या लोकांनी १९९६ मध्ये मोजलेलं आहे की गोल वस्तू माशीच्या डोळ्यात निदान ५ अंशांची झाली तरच ती तिला जाणवते, तेही रंगाने नाही, नुसत्या हिरव्या पेशीच्या उजेड-अंधारावरून, आणि रंगाने ओळखायला ती साधारण १५ अंशांची व्हावी लागते. अंश म्हणजे काय तर वस्तू डोळ्यापुढे किती जागा व्यापते ते. सोपा हिशोब: वस्तूची रुंदी गुणिले ५७ भागिले अंश, की अंतर आलं.

चिऊने केलं. डोंगळ्याचा गोंडा ६ सेंमी धरला तर ६ गुणिले ५७ भागिले ५, म्हणजे साधारण ६८ सेंमी. त्याच्या अलीकडे आली की माशीला तिथे काहीतरी आहे असं दिसतं. रंग कळायला २३ सेंमी, म्हणजे एक वीत. गोंड्यातलं एकेक फूल पाऊण सेंमीसुद्धा नसतं, सात मिलिमीटर धरा, ते तिला ८ सेंमीवरून जाणवणार आणि रंग कळणार अडीच-पावणेतीन सेंमीवरून!

चिऊ म्हणाली, काका मग ती आंधळीच की. आंधळी नाही पण आपण समजतो तसं "लांबून फुलं बघून येते" हे काही खरं नाही. आख्खा प्लॉट पांढरा असेल तर तो पट्टा लांबून दिसणारच, झाडं, बांध, विहीर हे पण दिसतं आणि त्यावरूनच ती वाट धरते. पण फूल म्हणून फूल दिसतं ते शेवटच्या वीतभरात. मग अर्धा किलोमीटर लांबून ती त्या वितीपर्यंत येते कशी? उत्तर: काही वासाने, काही आठवणीने, आणि काही बहिणीने सांगितलं म्हणून. बहीण कसं सांगते ते बघायला काचेची पेटी पाहिजे. सुतारमामांना सांगितलंय.

३० जानेवारी

सुतारमामांनी पेटी दिली नाही. लग्नसराई, पलंगांच्या ऑर्डरी.

मग टाईमपास म्हणून दोन गोष्टी. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणून रात्री फुलांवर मारला, पराग असा चमकला की चिऊचे दहा फोटो झाले. पण इथे एक घोळ आहे आणि तो नेटवर सगळीकडे असतो: हे जे चमकतं ते माशीला दिसतं ते नव्हे. टॉर्चचा अतिनील प्रकाश शोषून फूल आपल्याला दिसेल असा उजेड परत टाकतं, ती चमक वेगळी. माशीला दिसतो तो फुलावरून जसाच्या तसा परावर्तित झालेला अतिनील, तो आपल्या डोळ्याच्या भिंगातूनच आत जात नाही. सूर्यफूल आपल्याला अख्खं पिवळं, पण पाकळीचं टोक अतिनील परत फेकतं आणि मुळाकडचा भाग शोषतो, म्हणून माशीला मधे गडद चकती दिसते, नेमबाजीच्या बोर्डासारखी. ही चकती पण शेवटच्या वितीतलीच गोष्ट.

दुसरं, वहिनींचं सनस्क्रीन सूर्यफुलाच्या पाकळ्यांना लावून बघितलं, म्हटलं अतिनील अडेल. माश्या फिरकल्याच नाहीत. पण सनस्क्रीनला गुलाबाचा भसाभस वास होता, त्यामुळे ह्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि वहिनी वेगळ्या चिडल्या.

एक गंमत राहिली. ताटली मी सुट्टीच्या दिवशी नऊला ठेवतो, आणि या आठवड्यात वहिनींना रोज नऊलाच ठेवायला सांगितलं होतं. आज मुद्दाम ठेवली नाही. पावणेनऊपासून गुलाबी ठिपकेवाल्या रिकाम्या दगडावर हजर. ऑगस्ट फोरेल नावाच्या स्विस डॉक्टरच्या व्हरांड्यात नाश्त्याच्या जॅमवर माश्या यायच्या, जॅम नसलं तरी नाश्त्याच्या वेळेला यायच्या, त्यावरून हे लोकांच्या लक्षात आलं आणि पुढे फ्रिशच्या विद्यार्थिनीने, इंगेबोर्ग बेलिंगने, १९२९ मध्ये नीट प्रयोग करून दाखवलं. फुलं ठराविक वेळेला रस देतात, माशी वेळ पाठ ठेवते. आमच्या कंपनीच्या बसपेक्षा वक्तशीर.

६ फेब्रुवारी

पेटी आली!! एकच फ्रेम, दोन्हीकडून काच, वरून काळं कापड. ब पेटीतली एक भरलेली फ्रेम माश्यांसकट आत बसवली, पण राणी मूळ पेटीतच ठेवली कारण सातेरीचा भरवसा नाही, मनाविरुद्ध झालं की घर सोडून चालू पडते.

दुपारपर्यंत नुसती गडबड. मग साडेदहाला (उलटं लिहिलंय, साडेदहाला दिसलं, मी दुपारी व्हिडिओ बघताना कळलं) एक माशी उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ गेली, वळून परत, पुन्हा तीच सरळ रेघ, पुन्हा वळून, यावेळी दुसऱ्या बाजूने. मागे चार-पाच जणी मिशा लावून. ट्रेनिंगमध्ये चित्र बघितलेलं, पण डोळ्यादेखत बघणं वेगळंच, मी आणि चिऊ दोघं अर्धा तास काही बोललोच नाही.

नियम असा: पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. नाचाची रेघ त्यापासून जेवढी डावी-उजवी तेवढंच सूर्यापासून डावं-उजवं उडायचं. आणि थरथरणं जितका वेळ तितकं लांब. फ्रिशला १९७३ चं नोबेल मिळालं त्यात ह्याचा मोठा वाटा. हे सगळं पेटीच्या अंधारात चालतं, म्हणजे मागच्या माश्या नाच बघत नाहीत, अंगाला लागून समजून घेतात. शिवाय नाचणारीच्या अंगाला त्या फुलाचा वास असतो, मधे थांबून ती रसाचा थेंब पण चाखवते. म्हणजे दिशा, अंतर, वास आणि चव असा पूर्ण पत्ता.

रेघ वरपासून डावीकडे साधारण ४० अंश. तेव्हा सूर्य मोबाईलच्या ॲपवर १३३ अंशांवर (उत्तरेपासून मोजून). १३३ वजा ४० म्हणजे ९३, जवळजवळ थेट पूर्व. अंतरासाठी ताटली २०० मीटरवर नेऊन व्हिडिओच्या फ्रेमा मोजल्या होत्या, तिथून आलेल्या माश्या साधारण १३ फ्रेमा थरथरतात, आणि ही थरथरली ३५. म्हणजे अंदाजे साडेपाचशे मीटर. (दुसऱ्या जातीचे आकडे इथे लावायचे नाहीत. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात बंगळुरूच्या संशोधकांनी आपल्याकडच्या सातेरी, फुलोरी आणि आग्याचे नाच ताडून बघितले, तेवढ्याच अंतराला सातेरी जास्त वेळ थरथरते, कारण ती फार लांब जात नाही. म्हणून आपलं आपण मोजलेलं बरं.)

पूर्वेला साडेपाचशे मीटरवर काय? गाडी काढून गेलो. तात्यांचं दुसरं रान, धन्याला सोडलेली कोथिंबीर, पांढरी फुललेली, आणि माश्यांचा नुसता घुमारा.

१२ फेब्रुवारी, रात्र

माघी पौर्णिमा. सुट्टी नव्हती पण सेकंड शिफ्ट नव्हती म्हणून घरी. रात्री साडेनऊला शेवग्याखाली उभा राहिलो तर वर गुणगुण. आधी वाटलं भास. टॉर्च न लावता बघत राहिलो, आग्या माश्या होत्या, चांदण्यात कामाला. आग्या चांदण्या रात्री उडते हे ऐकून होतो, ऐकू आलं आज.

आपल्या इथून भीमाशंकर काही लांब नाही. तिथल्या अभयारण्यात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनच्या लोकांनी भुंग्यांवर काम केलंय, त्यातला एक भुंगा तर चंद्र नसलेल्या रात्री पण उडतो, आणि २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात तो रंग ओळखतो. त्या उजेडात आपल्याला सगळं करडं. जंगलातल्या वारसच्या झाडाची फुलं रात्री असल्याच भुंग्यांसाठी उघडतात. चाकणवरून लोक तिथे देवाला नाहीतर पावसाळ्यात धबधब्याला जातात, हे कुणाला माहीत नसतं.

१३ फेब्रुवारी

डोंगळे फुलले. निम्मे गोंडे उघडलेत. आज खरी परीक्षा.

चिऊ आणि मी एकेका ओळीत बसून मोजलं, सकाळी दहा ते साडेदहा. निकाल आबांच्या विरुद्ध: माश्या येतायत. आमच्या ओळींतच अर्ध्या तासात चाळीसच्या वर सातेरी. म्हणजे सापडत नाही हे साफ चूक. पण बसतात किती? बहुतेक जणी एका गोंड्यावर दोन-तीन फुलांत तोंड घालतात आणि उठून सरळ पूर्वेला. धन्यावर तीच माशी मिनिटभर हलत नाही. काही जणी तर उतरतच नाहीत, बोटभर अंतरावर हवेत थांबून वळतात. ते कदाचित आधीच्या माशीने सोडलेल्या वासामुळे असेल, नुकतंच रिकामं केलेलं फूल पुढची ओळखते, पण कांद्यावर तेच आहे का हे मला सांगता येणार नाही. फुलोरी माशी मात्र वेगळी वागते, बांधावरच्या बोरीत तिचं पोळं आहे, ती बारकी गोंड्यावर निवांत फिरते, निदान आमच्या प्लॉटवर तरी.

तात्या बांधावरून: "काय रं, माश्यांची हजेरी घेतोस व्हय?"

मग वाटलं रसात साखरच कमी असेल. नारायणगावच्या द्राक्षवाल्या मित्राकडून ब्रिक्स मीटर आणलं, बारीक नळीने वीस-पंचवीस फुलांतला रस गोळा केला (कंबर गेली), आकडा ५७. सत्तावन! साखरपाण्यापेक्षा गोड. मग का नाकारते?

२० फेब्रुवारी

काल शिवजयंती, शिवनेरीवरून जुन्नरभर गर्दी, घरी पोचायला रात्रीचे अकरा. असो.

रस गोड असून नकोसा का, ह्याचं उत्तर जुनं आहे, १९७२ मध्ये अमेरिकेत शोधलेलं: कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम फार, इतर फुलांच्या कितीतरी पट, आणि माशीला त्याची चव आवडत नाही. वाचलं आणि हसायलाच आलं, कारण पोटॅशची बॅग आमच्या शेडमध्येच पडलीय. तर प्रयोग: दोन ताटल्या, दोन्हीत सारखं साखरपाणी, एकीत ०:०:५० ची (त्याच पोटॅशच्या खताची) चिमूट विरघळवून. रंग सारखा, वास सारखा, दर पाच मिनिटांनी अदलाबदल.

काय दिसलं ते नीट लिहितो. माशी दोन्हीकडे सारखीच येते. सारखीच उतरते. जीभ लावते. साध्या ताटलीवर पोट फुगेपर्यंत पिते, पोटॅशच्या ताटलीवर जीभ लावते, मागे घेते, पाय पुसते, परत लावते, उडते. हुबेहूब तेच जे गोंड्यावर करते. चिऊने एका ठिपकेवालीला चार वेळा पोटॅशवरून उठून साध्यावर जाताना पकडलं.

म्हणजे नाचापासून वितीपर्यंतची सगळी साखळी ठीक आहे, तुटते ती जिभेवर. आणि अशी माशी पेटीत जाऊन नाचणार कशाला? ती गप्प बसते, धन्यावरून आलेली नाचते, नव्या माश्या धन्याकडे. रोज सकाळी पेटीत मतदान होतं आणि कांदा रोज पडतो.

तात्यांच्या गुळाचं पण बघितलं. दोन ओळींवर गुळाचं पाणी मारलं. माश्या आल्या, भरपूर, आणि पात चाटत बसल्या. देठ चाटला, ड्रिपची नळी चाटली, फुलात तोंड घालायची गरजच काय, गूळ बाहेरच आहे. दुपारी मुंगळे आले. साडेआठशेची बाटली मी घेतली नाही त्यामुळे तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

(फुलाला वीजभार असतो आणि भुंगे तो ओळखतात हे पण वाचलं, ब्रिस्टलच्या लोकांनी २०१३ मध्ये दाखवलं. उडताना माशीच्या अंगावर धन भार चढतो, म्हणून पराग उडी मारून केसांना चिकटतो. आमच्याकडे हे मोजायचं काही साधन नाही, मल्टीमीटर लावून बघितलं, आबा हसले.)

२७ फेब्रुवारी

चव बदलता येत नाही. मग मत बदलता येतं का?

फ्रिशनेच सुचवलेली युक्ती आहे, ज्या पिकावर पाठवायचं त्याच्या फुलांचा वास साखरपाण्यात देऊन पेटीतच खाऊ घालायचा, म्हणजे तो वास म्हणजे जेवण असं पक्कं बसतं. अर्जेंटिनात सूर्यफुलावर त्या वासाची नक्कल करणारं मिश्रण पेटीत देऊन बघितलं, २०२० मध्ये छापून आलं, बी वाढलं. कांद्यावर चालेल का? वास शिकवता येईल पण जीभ तीच राहणार.

पेटी अ: डोंगळ्याची ताजी फुलं चार तास साखरपाण्यात भिजवून गाळून संध्याकाळी आत. पेटी ब: साधं साखरपाणी, तेवढंच. मी नसताना हे सगळं वहिनींनी आठवडाभर केलं, सनस्क्रीनचं माफ झालेलं दिसतंय. कुठल्या पेटीची माशी प्लॉटवर आलीय हे ओळखायला एक दिवस अ च्या दारात मैदा भुरभुरला, एक दिवस ब च्या, दारातून निघणारी प्रत्येक माशी पिठात माखून, गिरणीतल्या बायकांसारखी.

आकडे: अ च्या दिवशी अर्ध्या तासात २३ पिठाळ माश्या प्लॉटवर, ब च्या दिवशी १४. खूश होण्याआधी: पेट्या दोनच, दिवस दोनच, अ मुळातच जास्त भरलेली आहे आणि ब ची एक फ्रेम काढलेली, आणि ब च्या दिवशी ढग होते. एवढं मात्र वाटलं की अ च्या माश्या गोंड्यावर जास्त फुलं करतात, दोन-तीनच्या जागी पाच-सहा. वाटलं, असंच लिहितो.

१३ मार्च

आज होळी. मागच्या गुरुवारची नोंद नाही कारण मूड नव्हता. पलीकडच्या एका रानात भर दुपारी फुलकिड्याचं औषध मारलं गेलं, संध्याकाळी ब च्या दारात मेलेल्या माश्यांचा थर, जीभ बाहेर आलेल्या. कुणाचं रान ते लिहीत नाही, त्यांना पण माहीत नव्हतं की माश्या तिथे जातात. जाऊन बोललो, यापुढे संध्याकाळी उशिरा मारतो म्हणाले, माश्या घरी गेल्यावर. अ कशीबशी वाचली कारण तिचा कल वेगळ्या बाजूला होता. काचेची पेटी रिकामी करून फ्रेम परत दिली, आता नाच बघायला कुणी नाही.

चिऊने पुरणपोळी खाताना विचारलं, त्या मेलेल्या माश्यांना तिकडचा पत्ता कुणी दिला असेल. मी म्हटलं, त्यांच्यातल्याच एकीने.

३ एप्रिल

काढणी झाली. जाळीच्या पिशव्या बांधून ठेवलेले दहा गोंडे वेगळे काढले होते, त्यात जवळजवळ काहीच नाही, चोळलं की फुर्र. उघडे गोंडे गेल्या वर्षीपेक्षा भरलेत, हाताला जाणवतंय. अ च्या जवळच्या ओळी जास्त भरल्यात का? चिऊ म्हणते हो, वजनकाटा म्हणतो थोड्या. बोरीच्या बाजूच्या दोन ओळी मात्र उघड उघड चांगल्या, म्हणजे फुलोरीने काम केलं, जिला मी ना पाळलं ना साखर दिली. आबांनी ते बोरीचं झुडूप यंदा तोडायचं ठरवलं होतं, ते आता राहू दे म्हणाले, कोयता ठेवून दिला.

बी सावलीत वाळतंय. उगवण तपासायला शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात घातलेत, आकडा पुढच्या सुट्टीला लिहीन.

संध्याकाळी तात्यांना जाऊन सगळं सांगितलं, नाच, पोटॅश, धन्याची दिशा, सगळं. शांतपणे ऐकलं. मग म्हटलं, तात्या पुढच्या वर्षी धना जरा आधी टाकला आणि माझे डोंगळे फुलायच्या आत उरकला तर माझ्या माश्यांना दुसरीकडे जायला कारण राहणार नाही.

"म्हंजी तुझ्या माश्या माझ्या रानात यायच्या थांबतील व्हय," तात्या म्हणाले, "मग माझा धना कोण भरणार?"